चकमकीच्या जुन्या बंदुकीला नवा दस्ता: बेळगाव-खानापूर भागात लाकूड कसं निवडावं, कुठून आणावं

चकमकीच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे नळी आणि लॉक ज्यात बसतं तो लाकडी भाग, बहुतेक वेळा एकाच जागी मोडतो, मनगटात. लॉकच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) लगेच मागे जिथे मूठ बसते, तो हा भाग. दस्त्याचं लाकूड तिथे सगळ्यांत बारीक असतं. शिवाय वरून टँगचा (नळीच्या मागे निघालेल्या लोखंडी पट्टीचा) स्क्रू, खालून चापाची खाच आणि बाजूने लॉकची खाच अशा तिन्ही बाजूंनी ते पोखरलेलं असतं. चार-साडेचार किलोची बंदूक भिंतीवरून पडली की सगळा हिसका तिथेच बसतो. त्यामुळे नव्या दस्त्यासाठी लाकूड बघताना पहिला प्रश्न असा: या फळीत मनगट जिथे येणार, तिथून लाकडाची रेघ, म्हणजे तंतूंची दिशा, कशी जाते? दुसरा प्रश्न ओलाव्याचा. जात, रंग आणि नक्षी यांचा विचार त्यानंतर. विकणारा नेमका उलट्या क्रमाने बोलतो, तेव्हा आपला क्रम आपण धरून राहावा.

बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, कित्तूरची लढाई १८२४ ची. हा काळ चकमकीच्या बंदुकांचा. कंपनीच्या फौजांची नेहमीची बंदूक म्हणजे ‘इंडिया पॅटर्न’: नळी ३९ इंच, एकूण लांबी सुमारे ५५ इंच, नळीचं भोक पाऊण इंच. पुढची मापं याच बंदुकीला धरून दिली आहेत. तुमची बंदूक वेगळी असेल तर मापं बदलतील, पद्धत तीच राहील.

लाकडाच्या आधी

नळी भरलेली आहे का, ते सर्वांत आधी पाहा. जुन्या वाड्यांतल्या बंदुका ठासलेल्या अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेल्या असतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवा. एक लाकडी काठी (लोखंडी नको) अलगद आत सोडा आणि ती टेकेल तिथे नळीच्या तोंडाशी खूण करा. काठी बाहेर काढून तीच खूण तोंडाशी जुळवत नळीच्या बाहेरून धरा. काठीचं टोक बत्तीच्या भोकापर्यंत (नळीच्या मागच्या बाजूचं बारीक भोक, ज्यातून ठिणगी आत जाते) पोचायला हवं. तीन-पाच सेंटिमीटर अलीकडेच थांबलं तर आत बार (ठासलेली दारू-गोळी) आहे असंच समजा. मग ठोकाठोकी, ड्रिल, गरम करणं यातलं काहीही करू नका. पोलिसांना कळवा, परवानाधारक बंदूक कारागिराकडूनच तो बार काढून घ्या.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. पण दुरुस्ती करूनसुद्धा जे चालणार नाही, त्यालाच. नळी शाबूत आणि लॉक चालतं असेल, तर केवळ जुनी आहे म्हणून ती सुटत नाही. बंदूक घरात आहे आणि कागद नाही, अशी स्थिती असेल तर दस्त्याआधी तो प्रश्न सोडवा. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालयात आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी. शस्त्रं दुरुस्त करण्याचा धंदा करायलाही कलम ५ खाली परवाना लागतो, हे गावातल्या सुताराला माहीत असेलच असं नाही. त्याच्याकडे लाकूड आणि साचा एवढंच न्या. नळी-लॉक बसवण्याचं शेवटचं काम परवानाधारकाकडून करून घ्या. सीमेपलीकडे चंदगड किंवा कोल्हापूरला लाकूड बघायला जाताना तर बंदूक घरीच राहू द्या. साचा नीट केलेला असेल तर तिची गरजही पडत नाही.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ‘पुरावस्तू’ ठरू शकते. म्हणून जुन्या दस्त्याचा एकही तुकडा टाकू नका. मनगट मोडलेलं असलं तरी बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि पुढचा भाग धड असेल, तर नवा दस्ता करायचीच गरज नसते. सांधून, आतून लाकडी खुंटी देऊन काम भागतं. नळीखालचा पुढचा भागच फक्त वाळवीने खाल्ला असेल, तर तेवढाच भाग तिरका जोड देऊन नवा बसवता येतो. त्याला दोन-अडीच फुटांची पट्टी पुरते आणि मूळ दस्ता वाचतो. पूर्ण नवा दस्ता तेव्हाच, जेव्हा लॉकभोवतीचं लाकूड भुसा झालेलं असतं किंवा जुना दस्ता मुळी उरलेलाच नसतो.

मूळ लाकूड कोणतं होतं?

लॉकच्या पत्र्यावर कंपनीची खूण शोधा. चार भागांत विभागलेलं बदाम असेल तर ती १८०८ पर्यंतची कंपनीची खूण. पुढे मागच्या पायांवर उभा सिंह येतो. अशा कंपनीच्या बंदुकीचा मूळ दस्ता अक्रोडाचा. इकडच्याच कारागिरांनी घडवलेल्या किंवा पुन्हा बसवलेल्या दस्त्यांत शिसव (रोझवूड), शिसम (सिसू) आणि स्थानिक लाकडंही सापडतात.

नक्की करायचं असेल तर जुन्या दस्त्याच्या बटपट्टीखालचं (बटच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीखालचं) आडवं टोक बघा. बटपट्टी काढा, धारदार पटाशीने टोकाचा चौरस सेंटिमीटरभर भाग स्वच्छ सोला, पाण्याचा एक थेंब लावा आणि दहापट भिंगातून पाहा. अक्रोडात वर्षवलयाच्या एका कडेला छिद्रं मोठी असतात आणि दुसऱ्या कडेपर्यंत ती हळूहळू बारीक होत जातात. सागात मोठ्या छिद्रांची ओळ अगदी स्पष्ट, वेगळी दिसते, लाकूड बोटाला तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. शिसम-शिसवात छिद्रं विखुरलेली असतात आणि त्यांच्याभोवती फिकट, पंखासारखे पट्टे असतात. शिसवात जांभळट काळ्या रेघा उठून दिसतात. लाकूड बिबळा झाडाचं असल्याची शंका असेल तर चिमूटभर किस काचेच्या पेल्यात पाण्यात टाका. थोड्या वेळाने उन्हात धरलं की पाण्यावर निळसर झाक दिसते. इतकं करूनही उलगडलं नाही तर बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत लाकूड ओळखून देतात.

बंदूक अक्रोडाची असेल तर नवा दस्ता अक्रोडाचाच करा. रंग देऊन दुसरं लाकूड अक्रोडासारखं भासवता येतं, पण वजन आणि तोल जुळत नाही, आणि पुढे कुणी अभ्यासू माणसाने पाहिलं तर वस्तूची ओळख चुकते. नव्या दस्त्याच्या आत, बटपट्टीखाली, केल्याचं साल कोरून ठेवावं. दिसत नाही, पण नोंद राहते.

साचा

नळी पिनांवर बसलेली असते. स्क्रू असतात ते टँगला, लॉकला, चापाच्या भागाला आणि बटपट्टीला. पिना बाहेर काढताना कोणती कुठली, कोणत्या बाजूने निघाली, हे कागदावर लिहून तो कागद पिशवीत पिनेबरोबर ठेवा. नळीचं मागचं बूच मात्र काढायच्या फंदात पडू नका; दस्त्यासाठी त्याची गरज नाही.

६ मिमी प्लायवूडवर आधी एक सरळ रेघ मारा, ती नळीच्या मध्याची. सगळी मापं या रेघेपासून घ्यायची. जुना दस्ता प्लायवर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवली की झालं, असं वाटतं, पण दीडशे-दोनशे वर्षांत दस्ता पुढच्या टोकाला वाकलेला असतो आणि तो वाकडेपणा साच्यात उतरतो. नळी सरळ असते, तिलाच पट्टी मानावं. नळीपासून दर १० सेंटिमीटरला दस्त्याच्या खालच्या कडेचं अंतर मोजा आणि ते बिंदू जोडा. बटच्या वरच्या कडेचं अंतर दोन ठिकाणी घ्या: गाल टेकतो तिथे आणि अगदी मागच्या टाचेला. चापापासून बटच्या मध्यापर्यंतचं माप वेगळं लिहा.

साच्यावर चार गोष्टी रंगीत पेनाने काढा: लॉकची खाच, टँगचा स्क्रू, मनगटाची सगळ्यांत बारीक जागा आणि गजाची वाट (बार ठासायचा गज नळीखाली जिथे बसतो ती नाळ). मग त्याच आकाराची एक प्रत पारदर्शक प्लॅस्टिकवर काढा. वखारीत हीच कामाला येते, कारण तिच्यातून फळीची रेघ दिसते.

इंडिया पॅटर्नला फळी लागते ती अशी: लांबी ५ फूट, जाडी अडीच इंच, बटकडे रुंदी ८ इंच, पुढे ३ इंच पुरते. संगीन चढावी म्हणून दस्ता नळीच्या तोंडाआधी सुमारे ४ इंच थांबतो, म्हणजे प्रत्यक्ष दस्ता ५१ इंचांच्या आसपास; उरलेली लांबी टोकांच्या चिरांसाठी. जाडीत तडजोड नको. बटपट्टी स्वतःच दोन इंचांहून थोडी रुंद असते. ‘दोन इंची’ म्हणून मिळणारी फळी दोन्ही बाजूंनी रंधली की ४५ मिमीवर येते आणि बाद ठरते.

वखारीत हिशोब घनफुटाचा. ६० × ८ × २.५ इंच म्हणजे १२०० घन इंच. १७२८ ने भागले की ०.६९ घनफूट. ११-१२ इंच रुंदीची फळी मिळाली तर दोन दस्ते उलटसुलट, एकाच्या बटशेजारी दुसऱ्याचं पुढचं टोक असे बसतात, आणि दोघांत घेतलं तर परवडतं.

कोणतं लाकूड, कोणतं नाही

अक्रोडाचं लाकूड घनमीटरला ६४० किलोच्या आसपास, मध्यम जड. त्यात बारीक खाच स्वच्छ निघते, कडा तुटत नाहीत आणि वाळल्यावर ते फारसं हलत नाही. सहज फुटत नाही आणि पटाशीला सरळ वाट देतं, हे दोन्ही गुण एकत्र मिळणं दुर्मिळ. जगभर दस्त्यांना ते वापरलं गेलं ते यामुळेच.

शिसम दणकट, ७७०-८०० किलोचं. स्थानिक बंदुकीला उत्तम. अडचण अशी की त्याचे तंतू थराथराने उलटसुलट दिशेने जातात, म्हणून रंधा चालवताना एका पट्ट्यात गुळगुळीत आणि शेजारच्या पट्ट्यात खरवडलं जातं. धार कायम ताजी ठेवावी आणि शेवटचं काम रंध्याऐवजी खरवडपट्टीने करावं. शिसव देखणं आणि आणखी जड. इंडिया पॅटर्नचा दस्ता शिसवाचा केला तर बंदूक हातात बोजड लागते. कागदपत्रांशिवाय नवं शिसव घेऊच नये, ते पुढे येईल.

साग या भागात सगळीकडे मिळतो, सुताराच्या हातात बसलेला आहे, टिकतो. तरी दस्त्याला नको. तो रेघेतून सरळ फाटतो. लॉकच्या खाचेची पातळ भिंत आणि गजाच्या वाटेची कड ठोका बसताच निघून येते. अंगचं तेल असल्यामुळे जवसाचं तेल त्यावर नीट वाळत नाही, चिकट राहतं. आंबा भुंग्याला लगेच बळी पडतो आणि ऋतूबरोबर हलतो. ऐनाचं लाकूड वाळताना चिरतं. बाभूळ मजबूत, पण पाच फूट सरळ रेघेची बाभूळ शोधून काढणं कठीण. शिवाय बाभूळ आणि ऐन या दोघांत टॅनिन असल्यामुळे ओलावा मिळताच लोखंडाशी लागून लाकूड निळं-काळं पडतं आणि नळी गंजते. फणस वाळल्यावर बऱ्यापैकी स्थिर राहतो, पण त्याचा पिवळा रंग तपकिरी होत जातो आणि दोन-तीन वर्षं ठिगळासारखा दिसतो. शिवणीचं लाकूड हलकं आणि मऊ, दस्त्याला कमकुवत. पण न वळणारं आणि कोरायला सोपं, म्हणून आधी त्याच्यावर लॉकची खाच कोरून सराव करण्यासाठी एक फूटभर तुकडा जरूर घ्या.

कुठून आणायचं

अक्रोड इकडे पिकत नाही. तो येतो काश्मीरहून आणि हिमाचलातून. काश्मीरमध्ये अक्रोडाच्या झाडावर तोडबंदी असून परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे कायदेशीर मालाचं बिल मागणं रास्तच आहे. चौकशीच्या दोन जागा: जम्मूतले बंदूक बनवणारे कारखानदार आणि श्रीनगरचे नक्षीकामासाठी अक्रोड साठवणारे व्यापारी. पहिल्यांकडे तयार ‘गन स्टॉक ब्लँक’ (दस्त्यासाठी कापलेला कच्चा तुकडा) असतो, पण तो बहुधा आखूड, अर्ध्या दस्त्याचा. ‘पूर्ण दस्ता, लांबी पाच फूट’ हे लेखी कळवा, नाहीतर अडीच-तीन फुटांचा तुकडा येतो. नक्षीवाल्यांकडे जाड फळी मिळते. तिसरा मार्ग म्हणजे मोठ्या शहरांतले आयात लाकडाचे व्यापारी. त्यांच्याकडचा अमेरिकन काळा अक्रोड वेगळ्या जातीचा, रंगाने गडद, पण कामाला जवळपास तसाच. तिथे अडीच इंची जाडी मागावी लागते.

लांबून मागवताना पैसे देण्याआधी सहा फोटो मागा: दोन्ही रुंद बाजू, दोन्ही कडा, दोन्ही टोकं, आणि टोकं ताजी कापून घेतलेली, मेण किंवा रंग न लावलेली. शेजारी मोजपट्टी हवी. वजनही विचारा. पाच फूट × आठ × अडीच इंचाची वाळलेली अक्रोडाची फळी साडेबारा किलोच्या आसपास भरते, शिसमाची पंधरा. अक्रोडाचं वजन सतरा-अठरा सांगितलं तर फळी ओली आहे.

शिसम-शिसवासाठी आपल्या भागातला सगळ्यांत चांगला साठा म्हणजे पाडलेल्या वाड्यांचं लाकूड. बेळगाव, निपाणी, खानापूरकडे जुनी घरं उतरवली जातात, तेव्हा तुळया, खांब, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. कित्येक दशकं वाळलेलं लाकूड नव्याने कुठे मिळायचं! मात्र तीन गोष्टी बघाव्यात. तुळईच्या टोकात झाडाचा गाभाबिंदू मधोमध असेल तर तिचे उभे दोन भाग करून गाभा सोडूनच फळी निघते. ६ × ६ इंचाची तुळई त्यामुळे बटच्या रुंदीला अपुरी पडते, ८ × ८ ची बघावी. दुसरं, खिळे: लोहचुंबक फिरवून बघा, आणि काळा-निळा डाग दिसेल तिथे आत मोडका खिळा आहेच असं धरा. तिसरं, भुंगा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि मैद्यासारखी बारीक पूड असेल तर फळी घरातही आणू नका. शिसवी पलंग, देव्हारे, चौरंग यांचं लाकूड मोहात पाडतं, पण त्यातून पाच फुटांचा अखंड तुकडा निघत नाही, ठिगळांसाठी घ्यावं.

सॉ मिलमध्ये गोल लाकूड वनखात्याच्या आगारांतून लिलावाने येतं, दांडेली हे त्यातलं मोठं नाव. एका दस्त्यासाठी लिलावात उतरण्यात अर्थ नाही. ज्याने माल घेतला त्या परवानाधारक मिलमधून बिलावर फळी कापून घ्यावी. बिल कन्नडमध्ये असेल तर जात ओळखता यायला हवी: बीटे म्हणजे शिसव, होन्ने म्हणजे बिबळा, मत्ती म्हणजे ऐन, हलसू म्हणजे फणस, तेग म्हणजे साग. बिलावर जात, माप आणि मिलचा परवाना क्रमांक हवा. राज्याची हद्द ओलांडून लाकूड न्यायचं किंवा आणायचं असेल, तर वाहतूक परवान्याची गरज आहे का हे आधी वनखात्याच्या रेंज ऑफिसमध्ये विचारा. चेकनाक्यावर विचारून उपयोग नसतो.

शेतातलं स्वतःचं झाड तोडून दस्ता करू, हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. शिसव, साग यांसारख्या झाडांना आपल्या जमिनीतसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. ती मिळाली तरी कापलेली अडीच इंची फळी वाळायला तीन वर्षं धरा. एक इंचाला एक वर्ष हा जुना हिशोब, पण जाड फळीला वेळ त्याहून जास्तच लागतो.

फळी हातात आल्यावर

फळी उन्हात, आडव्या प्रकाशात ठेवा. हाताने धूळ पुसा आणि मनगट जिथे येणार तिथे रॉकेल किंवा स्पिरिटचा बोळा फिरवा. छिद्रांच्या बारीक लांबट रेषा दिसू लागतात. रंगाचे पट्टे म्हणजे रेघ नव्हे. शिसमात तर पट्टा एका दिशेने आणि तंतू दुसऱ्या दिशेने असं सर्रास असतं. खात्री करायची असेल तर फळीच्या टाकाऊ कोपऱ्यावर पटाशी ठेवून बोटभर ढलपी फोडा. लाकूड जिकडे फुटेल तीच खरी रेघ.

आता पारदर्शक साचा फळीवर ठेवून फिरवा, पुढेमागे सरकवा, उलटा करा. हे काम घाईचं नाही. वखारवाल्याला चहा सांगा आणि वेळ घ्या. तुम्हाला हवी असलेली जागा अशी: मनगटात रेघ मनगटाच्याच उताराबरोबर, मागे जाताना किंचित खाली उतरणारी. नळीखालच्या पुढच्या भागात नळीला समांतर. तिथे रेघ बाहेर निघत असेल तर फुटाला एक इंचापेक्षा जास्त निघू नये. बटमध्ये ती कशीही वळली तरी चालते, आणि नक्षी हवी असेल तर ती तिथेच असावी. नक्षीदार लाकूड म्हणजे वळलेले तंतू. बटमध्ये ते शोभा देतं, मनगटात तिथूनच तडकतं.

फळीची वरची कड आणि खालची कडही पाहा, बहुतेक जण हे विसरतात. बाजूने रेघ सरळ दिसली तरी वरून ती डावीकडून उजवीकडे मनगट ओलांडत असेल, तर दस्ता त्या तिरक्या रेघेवर मोडतो. दोन्ही दिशांनी सरळ असणं आवश्यक.

गाठ फक्त बटच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात चालेल. लॉकच्या खाचेत, टँगजवळ किंवा गजाच्या वाटेवर टाचणीएवढीही नको; गाठीपाशी ड्रिल भरकटतं आणि गजाचं भोक बाहेरच्या कडेतून निघतं. बाहेरचं पांढरं लाकूड दस्त्यात येता कामा नये, भुंगा आधी तिथेच लागतो.

टोकाची वलयं पाहा. ती रुंद बाजूला समांतर असोत किंवा काटकोनात, दोन्ही चालतात. ४५ अंशांची टाळावी, कारण वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जवळजवळ दुप्पट आकसतं आणि चौकोनी छेद शंकरपाळ्यासारखा तिरपा होतो. मग लॉकची बाजू आणि समोरची बाजू समांतर राहत नाही, आणि लॉकचे स्क्रू तिरके ओढू लागतात. गाभाबिंदू असलेली फळी सरळ नाकारा, ती आज ना उद्या चिरतेच.

शेवटी बोटाच्या गाठीने फळीवर दर वीतभर अंतरावर टकटक करा. एखाद्या जागी आवाज एकदम बसका आला तर आत चीर किंवा पोकळी आहे. टोकाच्या चिरा रॉकेलने ओल्या करून पुसा. चीर जितकी आत गेली असेल तितकी ओली रेघ उरते. तिच्या पुढे दोन इंच सोडून मगच साच्याचं टोक धरा.

ओलावा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. मार्च-एप्रिलची हवा कोरडी, जून ते सप्टेंबर दमट, आणि खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे तर पावसाळ्यात कपाटातलं लाकूडही फुगतं. दस्ता १० ते १२ टक्के ओलाव्यावर असताना कोरला, तर तो दोन्ही ऋतूंना तोंड देतो.

पिनांचं ओलावा-मीटर बाहेरच्या थराचा अंदाज देतं, आणि शिसम-शिसवासारख्या जड लाकडात आकडा चुकतो. घरी करता येणारी खरी चाचणी अशी. फळीच्या टोकापासून किमान २० सेंटिमीटर आत २ सेंटिमीटर जाडीची चकती कापा (म्हणूनही पाच फूट लांबी हवी). लगेच सोनाराच्या काट्यावर वजन करा. ओव्हनमध्ये १००-१०५ अंशांवर ठेवा, दर दोन तासांनी वजन करा, दोन वेळा तेच भरलं की थांबा. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. ५६ ग्रॅमची चकती ५० वर आली तर ओलावा १२ टक्के.

दुसऱ्या चकतीतून मधला भाग कापून काट्याचमच्यासारखे दोन दात ठेवा. दात आत वळले, तर फळी भट्टीत घाईने वाळवलेली असून आत ताण आहे. अशी फळी पुढचा भाग चिरताच केळीसारखी वाकते. परत करा.

ओलाव्याने नेमकं बिघडतं काय? साठ मिलिमीटर जाडीत ओलावा १६ वरून १२ वर आला, की अक्रोड अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त आकसतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण लॉक आणि टँग हे लोखंड आकसत नाही. जुलैत घट्ट बसवलेल्या टँगभोवती लाकूड एप्रिलमध्ये आवळतं, आणि टँगच्या मागच्या टोकापासून मनगटाकडे केसासारखी चीर निघते. उलट एप्रिलमध्ये कोरलं तर पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि लॉकचं बसणं बिघडतं. दोन्हींत चीर जास्त वाईट. म्हणून कोरायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं, आणि टँग-लॉकच्या मागच्या टोकाशी जाड कागदाएवढी फट मुद्दाम ठेवावी.

कच्चा आकार कापून ठेवणं

फळी आणल्या दिवशी टोकांना मेण किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्या. जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, २ सेंटिमीटरच्या सुक्या पट्ट्यांवर आडवी ठेवा. पट्ट्या ४०-४५ सेंटिमीटर अंतरावर. उभी टेकवून ठेवलेली फळी महिन्याभरात वाकते. पंधरा दिवसांनी चकती तपासा, आकडा स्थिर असेल तर साचा चिकटवून बाहेरचा आकार बँडसॉने कापा. सगळीकडे ८-१० मिमी जास्त ठेवा, मनगटात १२.

कापलेला तुकडा पुन्हा महिना-दीड महिना पट्ट्यांवर राहू द्या. आतला ताण याच काळात बाहेर येतो. मग नळी वर ठेवून पाहा: टोकाशी २-३ मिमीपर्यंत वाक असेल तर ठेवलेल्या जादा लाकडात तो निघून जातो. त्याहून जास्त असेल तर आणखी एक महिना थांबा, आणि वाक वाढतच असेल तर ती फळी दस्त्यातून काढून टाका. नळीची नाळ कोरून झाल्यावर वाक निघाला तर त्याला इलाज नाही.

बटच्या वर आणि नळीच्या खाली कापून निघालेले तुकडे जपून ठेवा. त्यांच्यावर फळीचा दिनांक, जात आणि रेघेची दिशा लिहा. लॉकची खाच कोरताना एखादी कड उडाली, पिनेचं भोक सरकलं, तर त्याच फळीचं, त्याच रेघेचं ठिगळ बसवता येतं, आणि तेल लागल्यावर ते शोधूनही सापडत नाही. त्याच तुकड्यांवर रंगाची आणि तेलाची चाचणी करा. दुसऱ्या फळीवर केलेली चाचणी इथे लागू पडत नाही.